न्यायाची घंटा आणि रस्त्यावरचा डोळा

तंजावूर हे नाव मराठी कानाला परके नाही. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती ह्या कावेरीकाठच्या भूमीवर नांदली. राजवाड्याला वेढून चार मोठे रस्ते आहेत. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा दिशांनी ते ओळखले जातात. तमिळमध्ये त्यांना राजवीथी म्हणतात. राजाची स्वारी, देवाची पालखी, धान्याच्या गाड्या आणि पायी चालणारा माणूस ह्या सर्वांना शतकानुशतके त्याच रस्त्यांनी वाट दिली. २०१५ साली, सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर, बृहदीश्वराचा रथ पुन्हा ह्याच राजवीथींतून ओढला गेला. मात्र आता ह्या रस्त्यांवर रोजची गर्दी असते ती बस, मोटार, रिक्षा आणि दुचाकी ह्यांची, आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या पादचाऱ्याची.

रस्ता सर्वांचा असतो, पण रस्त्यावरचे सर्वजण सारख्या बळाचे नसतात. जो वेगाने जातो आणि ज्याचे वाहन अवजड असते त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो. ह्या विषमतेला न्यायाची वेसण कशी घालावी, हा प्रश्न मोटारीने निर्माण केलेला नाही. मोटार येण्यापूर्वी कित्येक शतके तो तंजावूरच्याच मुलखात विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तरही तेथे एका कथेच्या रूपाने दिले गेले होते.

तंजावूरच्या पूर्वेला सुमारे ५५ किलोमीटरवर तिरुवारूर हे क्षेत्र आहे. १९९७ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. तोपर्यंतच्या इतिहासात त्याची नाळ तंजावूरशीच जोडलेली होती. तेथील त्यागेश हे चोळांचे आराध्यदैवत, आणि पुढे मराठ्यांचेही. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे हे त्यागेशाचे निस्सीम भक्त होते. त्यांनी त्याच्या पालखीच्या सेवेवर तेलुगू भाषेत एक प्रबंधच रचला. ह्या तिरुवारुरात मनुनीती चोळ नावाचा राजा होऊन गेला, अशी कथा आहे. त्याने वाड्याच्या दारी एक घंटा बांधली होती. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने ती ओढावी आणि राजाने बाहेर यावे, असा नियम होता. एके दिवशी राजपुत्र रथातून नगरात निघाला. एक वासरू उड्या मारीत आले आणि रथाच्या चाकाखाली सापडून मेले. त्याची माय धावत वाड्याकडे गेली आणि तिने शिंगाने घंटा वाजवली.

राजा बाहेर आला. मंत्र्यांनी सुचवले की, अपघाताने घडलेल्या गोहत्येला शास्त्रात प्रायश्चित्त आहे. राजपुत्राने ते घ्यावे आणि प्रकरण मिटवावे. राजाला ते पटले नाही. परक्याने केले असते तर जी शिक्षा आपण दिली असती, तीच आपल्या मुलाला न देण्याचे कारण काय, असा त्याचा प्रश्न होता. मुलाच्या अंगावरून रथ नेण्याची आज्ञा त्याने एका मंत्र्याला केली. मंत्र्याने ती पाळण्याऐवजी प्राण दिला. शेवटी राजाने स्वतःच रथ हाकला. पुढे त्यागेशाने प्रकट होऊन वासरू, मंत्री आणि राजपुत्र ह्या तिघांनाही जिवंत केले, अशी कथेची सांगता आहे. बाराव्या शतकात सेक्किळार ह्यांनी पेरियपुराणात ही कथा विस्ताराने सांगितली. त्याच्याही पूर्वीच्या शिलप्पदिकारम् ह्या काव्यात, पांड्य राजाच्या सभेत उभी राहिलेली कण्णगी आपल्या नगरीची थोरवी सांगताना ह्याच राजाचा दाखला देते. तिरुवारूरच्या मंदिराच्या परिसरात ह्या प्रसंगाचे दगडी शिल्प आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारातही ह्या राजाचा पुतळा उभा आहे.

ही कथा एकट्या तिरुवारूरची नाही. सिंहलद्वीपाच्या महावंस ग्रंथात एळार ह्या चोळदेशीय राजाविषयी तीच सांगितली आहे. तेथेही घंटा आहे, गाय आहे आणि रथाच्या चाकाने दंडित झालेला राजपुत्र आहे. मराठी माणसाला तर ती इंदूरच्या लोककथेतून ठाऊक आहे. अहिल्याबाई होळकरांच्या पुत्राच्या रथाखाली वासरू मेले, बाईंनी त्याला रथाखाली देण्याचे ठरवले, पण ती गायच पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली. म्हणून त्या जागेला आडा बाजार हे नाव पडले, असे तेथे सांगतात. इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट उतरत नाही. मालेराव होळकर १७६७ साली आजाराने वारले. परंतु एकच कथा तीन राज्यांनी आणि तीन भाषांनी आपली मानावी, ह्यावरून लोकांना राज्यकर्त्याकडून काय हवे होते ते समजते. रस्त्यावर दुबळ्याचा जीव गेला तर त्याची दाद लागावी, आणि दोषी राजाचा मुलगा असला तरी लागावी, एवढीच ती मागणी होती.

तमिळमध्ये त्या घंटेला ‘आरायच्चि मणि’ म्हणतात. आरायच्चि म्हणजे चौकशी, शोध. तिचे नाव चौकशीची घंटा आहे, शिक्षेची घंटा नव्हे. ती वाजली म्हणजे निर्णय झाला असे नाही. राजाने उठून बाहेर यायचे आणि काय घडले ते पाहायचे, एवढाच तिचा अर्थ. आज जगभर चौकाचौकांत जे स्वयंचलित कॅमेरे बसत आहेत, त्यांचे मोल ठरवताना हा भेद फार उपयोगी पडतो.

मोटारयुग आले तेव्हा न्यायापुढची पहिली अडचण होती ती मोजमापाची. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर ताशी चार मैल एवढीच मुभा दिली होती. वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याचीही सक्ती होती. १८९६ साली वेगाची ही मर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत सैल झाली. त्याच वर्षीच्या १७ ऑगस्टला लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. पेट्रोलच्या मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद होय. चालक म्हणाला, वेग ताशी चार मैल होता. एका साक्षीदाराच्या मते गाडी आगीच्या बंबासारखी धावत आली. खरे कोणाचे, हे ठरवण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. अपघाती मृत्यू असा निर्णय झाला आणि प्रकरण संपले.

त्यानंतर पोलिस घड्याळ घेऊन झुडपाआड बसू लागले. रस्त्यावरचे ठरावीक अंतर मोटारीने किती सेकंदांत काटले ते मोजून ते वेग काढीत. त्यावर मोटारवाल्यांनीही तोड काढली. १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली ती अशा सापळ्यांची आगाऊ सूचना सभासदांना देण्यासाठी. सायकलीवरचे तिचे सेवक रस्त्यावर फिरत आणि पुढे पोलिस असल्याची खूण करीत. माणसाच्या डोळ्याने मोजावे आणि माणसाच्या युक्तीने चुकवावे, असा हा खेळ पन्नास वर्षे चालला.

ह्या खेळाला कलाटणी दिली ती एका शर्यतपटूने. मॉरिस गात्सोनिडेस हा डच मोटारपटू. १९५३ साली त्याने माँटे कार्लोची सुप्रसिद्ध शर्यत जिंकली. वळणावर आपली गाडी नेमक्या किती वेगाने जाते हे कळावे, म्हणजे पुढच्या खेपेला आणखी वेगाने जाता येईल, अशा हेतूने त्याने एक यंत्र तयार केले. रस्त्यावर थोड्या अंतराने रबराच्या दोन नळ्या आडव्या टाकायच्या. पहिल्या नळीवरून चाक गेले की घड्याळ सुरू व्हायचे आणि दुसरीवरून गेले की थांबायचे. अंतर ठाऊक, वेळ ठाऊक. वेग आपोआप निघाला. त्याला कॅमेऱ्याची जोड मिळाली आणि १९५८ पासून हे यंत्र पोलिसांच्या हाती जाऊ लागले. वेगाच्या हौसेतून जन्मलेले साधन वेगाला आवर घालण्याच्या कामी आले. पुढे नळ्यांची जागा रडारने घेतली, आणि फिल्मची जागा आकड्यांत साठवलेल्या चित्राने. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने अशा छायाचित्राला पुराव्याचा दर्जा दिला आणि पुढील वर्षापासून लंडनच्या रस्त्यांवर हे कॅमेरे कामाला लागले.

सुरुवातीच्या कॅमेऱ्यात एक उणीव होती. त्याची जागा माहीत झाली की चालक तेवढ्यापुरता वेग कमी करी आणि पुढे गेल्यावर पुन्हा वाढवी. ह्यावर उपाय निघाला तो सरासरी वेगाचा. एका ठिकाणचा कॅमेरा गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो. काही किलोमीटरवरचा दुसरा कॅमेरा तोच नंबर पुन्हा टिपतो. दहा किलोमीटरचे अंतर सहा मिनिटांत काटले तर वेग ताशी १०० किलोमीटर होतो, पाच मिनिटांत काटले तर १२०. मधल्या वाटेत कोठे ब्रेक दाबला, हा प्रश्नच उरत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशी वाहतूक-नियंत्रण व्यवस्था सुरू झाली, त्यामुळे महाराष्ट्रातील प्रवाशांनाही ह्या गणिताची ओळख झाली आहे.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सर्वांत अधिक अपघात नोंदले गेले ते तामिळनाडूत; त्यांची संख्या ६४,१०५ होती. देशातील मृतांपैकी दर शंभरात ७१ जणांच्या मृत्यूचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. मेलेले कोण होते, तेही पाहण्यासारखे आहे. दर शंभरात सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते आणि १९ जण पायी चालणारे. तिरुवारूरच्या वासरासारखीच ही माणसे. चाकापुढे ज्यांच्या अंगाला काहीच आडोसा नाही अशी. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर गेला तर तो दीडपट होतो, पण धडकेतील ऊर्जा सव्वादोन पट होते. चालकाला जे वीस किलोमीटर किरकोळ वाटतात, ते पादचाऱ्याला जीवघेणे ठरतात.

कॅमेऱ्याने ह्यात फरक पडतो काय? निरनिराळ्या देशांतील ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या परिसरात प्राणघातक आणि गंभीर इजेचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. लाभ निश्चित आहे, मात्र तो सर्वत्र सारखा नाही. सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतील २००५ च्या एका सरकारी अभ्यासात असे दिसले की, आडव्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या, पण दंडाच्या धास्तीने गाड्या एकाएकी थांबू लागल्यामुळे मागून बसणाऱ्या धडका सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. आडवी धडक अधिक प्राणघातक असते, त्यामुळे एकंदर हिशेब कॅमेऱ्याच्या बाजूनेच राहिला. तरीही यंत्र बसवले की काम संपले, असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा धडा अधिक कडू आहे. शिकागो शहरात सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचा मोठा ठेका दिला गेला होता. त्या ठेक्यात लाच घेतल्याबद्दल एका पालिका अधिकाऱ्याला २०१६ साली दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. यंत्र लाच खात नाही हे खरे. पण यंत्र कोणी घ्यावे, कोठे बसवावे आणि त्याच्या दंडाचा पैसा कोणाकडे जावा हे माणसेच ठरवतात. कॅमेरा सुरक्षिततेसाठी नसून महसुलासाठी आहे, असा संशय एकदा लोकांच्या मनात शिरला की कायद्याचा वचक राहिला तरी त्याचा मान राहत नाही.

भारतात मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि तिसरा १९८८ चा. ह्या तिसऱ्या कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १३६-अ हे कलम आले. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर आणि ठरावीक शहरांत इलेक्ट्रॉनिक साधनांनी रस्त्यावर लक्ष ठेवावे, असे ते सांगते. त्याखालचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये निघाले. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन ह्यांनी रस्त्यावरील मृत्यूंचा प्रश्न २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेला होता. त्याच प्रकरणात न्यायालयाने २०२४ साली ह्या कलमाच्या अंमलबजावणीकडे राज्यांचे लक्ष वेधले. शेजारच्या केरळने जून २०२३ मध्ये ७२६ कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू केली. तंजावूरची निवड २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेत झाली, आणि शहरावर एका ठिकाणाहून नजर ठेवणारे नियंत्रण केंद्र हा त्या योजनेचा एक मुख्य भाग होता.

२०२१ च्या नियमांतील बारकावे पाहिले की आरायच्चि मणीची आठवण होते. कॅमेऱ्याला अधिकृत प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. म्हणजे घंटा खोटी वाजता कामा नये. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जायला हवी. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रसंग आठवत असतानाच उत्तर देता यावे. नोटिशीत छायाचित्र, स्थळ, दिवस, वेळ आणि मोजलेला वेग असावा. प्रकरण व अपील संपेपर्यंत पुरावा जपून ठेवावा. ह्या तरतुदी चौकशीच्या आहेत. कारण कॅमेऱ्याला डोळा आहे, कान नाहीत. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी कोणी सिग्नलची रेषा ओलांडली, किंवा दुसऱ्याच कोणी आपल्या गाडीवर खोटा नंबर लावला, हे त्याला कळत नाही. तो गाडी ओळखतो, चालक ओळखत नाही. म्हणून नोटीस मालकाकडे जाते आणि गाडी कोण चालवीत होते हे सांगण्याची जबाबदारी १९८८ च्या कायद्याने त्याच्यावर टाकली आहे. ज्या व्यवस्थेत नोटीस निघते पण उत्तर ऐकायला कोणी बसलेले नसते, तेथे घंटा वाजत राहते आणि राजा बाहेर येत नाही.

राजपुत्राचा प्रश्नही कायद्याने सोडलेला नाही. २०१९ च्याच दुरुस्तीत दोन कलमे अशी आहेत की मनुनीती चोळाला ती ओळखीची वाटली असती. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ही त्याची शिक्षा. आणि कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. बापाने मुलाच्या रथाचे उत्तर द्यावे आणि राजाने प्रजेपेक्षा अधिक द्यावे, हे जुने तत्त्व येथे कलमांच्या भाषेत आले आहे. कॅमेऱ्याचे खरे सामर्थ्य ह्याच ठिकाणी आहे. चौकातला शिपाई गाडीवरचा दिवा पाहून कचरतो, ओळखीचा चेहरा पाहून सोडतो. कॅमेऱ्यापुढे सर्व नंबर सारखे. पण त्याने टिपलेला नंबर पुढे कोणाच्या टेबलावर गुपचूप पुसला गेला, तर यंत्राची समदृष्टी वायाच गेली.

आणि तरीही रस्त्यावरचा प्रत्येक धोका कॅमेऱ्याच्या कक्षेत येत नाही. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावूरजवळच्या कळिमेडु गावात देवाचा रथ निघाला असता त्याचा उंच भाग विजेच्या तारेला लागला आणि अकरा जणांचा बळी गेला. तेथे कोणी वेगमर्यादा मोडली नव्हती, की सिग्नल तोडला नव्हता. वाटेवरची तार, खचलेली कड, नसलेला पदपथ, अंधारातले वळण ह्यांना चलान पाठवता येत नाही. त्यांची चौकशी आधी करावी लागते, आणि ती माणसानेच करावी लागते.

तिरुवारूरचा रथ सजवल्यावर सुमारे ९६ फूट उंच होतो. तो ओढायला हजारो हात लागतात. पण त्याला आवरतात ती मोजकीच माणसे. चाकांच्या अगदी जवळून चालत, योग्य क्षणी चाकाखाली लाकडाची पाचर सारून ती रथाला वळवतात आणि थांबवतात. जळगावच्या रथोत्सवात अशा लाकडाला मोगरी म्हणतात. तिरुवारूरच्या रथाला आता तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने लोखंडी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक दिले आहेत. तरी चाकाशेजारची ती माणसे गेलेली नाहीत. यंत्र आल्याने त्यांचे काम हलके झाले, त्यांची जबाबदारी मात्र संपली नाही.

तंजावूरच्या मराठ्यांनीही ही जबाबदारी आपल्या परीने ओळखली होती. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे चालू ठेवण्याचा आग्रह धरला. वाटसरूला तेथे अन्न मिळे, आणि तो आजारी पडला तर औषधोपचार करणारे वैद्यही तेथे नेमलेले असत. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव हा राज्याच्या काळजीचा विषय आहे, ही जाणीव त्या पत्रामागे होती.

कॅमेरे येतील, वाढतील, अधिक तीक्ष्णही होतील. ते यायलाच हवेत. कारण दरवर्षी दीड लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर गमावणाऱ्या देशाला पाहणारा डोळा नाकारून चालणार नाही. परंतु तिरुवारूरच्या कथेत घंटेचे कौतुक कोणी केलेले नाही. कौतुक आहे ते घंटा ऐकून बाहेर आलेल्या आणि आपल्या मुलाचा रथ समोर पाहूनही मागे न फिरलेल्या राजाचे.